व्हेप घरी, पासपोर्ट खिशात!

बँकॉकचा वीकएण्ड असो की सिंगापूरचं पोस्टिंग... बॅगेतली ती पेनाएवढी वस्तू सगळ्या प्लॅनचा विचका करू शकते. दंड एकवेळ भरता येईल हो, पण व्हिसाचं काय?

ऑफिसमधली पाच जणांची गँग. बँकॉकची तिकिटं स्वस्तात मिळालीयेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिस्ट फिरतेय. सनस्क्रीन, पॉवर बँक, स्लीपर्स, खाकरा, ठेपले... आणि मग हळूच एक मेसेज येतो, 'अरे, व्हेप चालेल ना तिकडे?'

लगेच तीन उत्तरं हजर.

'चालतं रे. मागच्या वेळी रस्त्यावर ढिगाने विकायला होते!'

'कोण विचारतंय?'

'पकडलंच तर हजार बाथ टेकव आणि मोकळा हो.'

यातलं एकही उत्तर भरवशाचं नाही. आणि तिसरं तर सगळ्यात महागात पडणारं आहे.

'बँकॉकमध्ये सगळं चालतं' हा आपला जुना समज. त्यात जून २०२२ मध्ये थायलंडने गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि गल्लोगल्ली हिरव्या पानाच्या पाट्या झळकल्या. जून २०२५ मध्ये सरकारने पुन्हा लगाम खेचला, गांजाच्या फुलासाठी प्रिस्क्रिप्शन सक्तीचं केलं. पण मधली तीन वर्षं गंमतच होती. गांजाचं दुकान कायदेशीर आणि शेजारी उभ्या असलेल्या टुरिस्टच्या खिशातली ई-सिगारेट बेकायदेशीर! बिचाऱ्या टुरिस्टला हे खरं वाटायचंच नाही. तिथेच तो फसायचा.

हसऱ्या देशाचा कडक कायदा

थायलंडची बंदी काही कालची नाही. २०१४ च्या शेवटी ई-सिगारेटच्या आयातीवर बंदी आली, २०१५ मध्ये विक्रीवर. म्हणजे ना आणायची, ना विकायची. मग जवळ बाळगली तर? इथे खरी मेख आहे.

देशात आणायलाच बंदी असल्यामुळे तुमच्या खिशातलं व्हेप हा थेट चोरटा माल ठरतो. तुम्ही ते स्वतः आणलंय की तिथल्याच स्टॉलवरून घेतलंय, याने फारसा फरक पडत नाही. थायलंडच्या २०१७ च्या कस्टम्स कायद्यानुसार चोरटा माल जवळ बाळगला तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, किंवा मालाची किंमत अधिक ड्यूटी यांच्या चौपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाहेरून घेऊन आलात असं सिद्ध झालं तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. ब्रिटिश सरकार तर आपल्या पर्यटकांसाठीच्या सूचनांमध्ये हा दहा वर्षांचा आकडा स्पष्ट लिहितं.

आता कुणी म्हणेल, एका पॉडसाठी कोण दहा वर्षं आत टाकतंय? बरोबर आहे. साध्या टुरिस्टच्या बाबतीत बहुतेक वेळा वस्तू जप्त होते, दंड होतो. पण दंड किती? कायद्यात ठरलेला एक आकडा नाही. किंमत, ड्यूटी, त्याची चौपट... रात्री दीड वाजता नाक्यावर उभं राहून हा हिशेब कोण करणार? तुम्हाला तो माहीत नसतो. समोरच्याला ते पक्कं माहीत असतं!

जिथे आकडा ठरलेला नसतो, तिथे घासाघीस सुरू होते. आणि घासाघीस करताना एका बाजूला गणवेश असतो, दुसऱ्या बाजूला सकाळची फ्लाइट.

२७ हजार बाथची रात्र

जानेवारी २०२३. न्यू इयर पार्ट्यांचा हँगओव्हर अजून उतरायचा होता. बँकॉकच्या ह्वाय क्वांग भागात पोलिसांनी नाकाबंदी लावली होती. तैवानची एक अभिनेत्री मित्रमंडळींबरोबर टॅक्सीतून चालली होती. तपासणीत व्हेप सापडलं. त्यानंतर बराच वेळ अडवून ठेवलं आणि २७ हजार बाथ घेऊन सोडलं, असा आरोप तिने तैवानला परतल्यावर केला. तेव्हाच्या दराने आपले ६० हजार रुपयांहून जास्त. पावती अर्थातच नाही.

पोलिसांनी आधी हात झटकले. पण प्रकरण थायलंडच्या मीडियाने उचलून धरलं, रोज नवी माहिती बाहेर यायला लागली, आणि महिना संपता संपता पोलिसांना पैसे घेतल्याचं मान्य करावं लागलं. संबंधित पोलिसांवर कारवाई सुरू झाली.

ती प्रसिद्ध होती म्हणून बातमी झाली. तुमच्या-माझ्यासारख्या फडतूस टुरिस्टचं काय? तो गुपचूप पैसे देतो आणि घरी आल्यावर आईलाही सांगत नाही. कारण तक्रार करायची तर आधी कबूल करावं लागतं, की हो, माझ्याकडे बंदी असलेली वस्तू होती. कायदा मोडणारा परदेशी माणूस म्हणजे तक्रार न करणारा माणूस. यापेक्षा सोपं गिऱ्हाईक कुठे मिळणार?

म्हणूनच 'हजार बाथ टेकव' हा सल्ला धोक्याचा आहे. एक तर लाच देणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. आणि दुसरं म्हणजे आकडा तुम्ही ठरवत नसता.

पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान पैतोंगतार्न शिनावात्रा यांनी ई-सिगारेटविरुद्ध जोरदार मोहीम उघडली. देशभर धाडी पडल्या, मालाचे ढीग जप्त झाले. शाळकरी मुलांपर्यंत खेळण्यांच्या आकाराची रंगीबेरंगी व्हेप्स पोचली होती, हे त्यामागचं मोठं कारण. तेव्हा 'मागच्या वेळी रस्त्यावर विकत होते' या आठवणीवर विसंबू नका. स्टॉल दिसला म्हणजे कायदा बदलला, असं होत नाही. आपल्याकडे गुटख्याचं काय होतं, ते आठवा की!

सिंगापूर : इथे घासाघीस नाही

बँकॉकहून विमानाने दोन-अडीच तासांवर सिंगापूर. इथलं चित्र अगदी उलटं. सगळं छापील, सगळं फिक्स.

शिस्तीची ही ख्याती जुनीच. १९९२ मध्ये या देशाने च्युइंगगमच्या आयात-विक्रीवर बंदी घातली, हा किस्सा आपण कॉलेजपासून ऐकतोय. ई-सिगारेटच्या विक्रीला तर इथे आधीपासूनच मनाई होती. १ फेब्रुवारी २०१८ पासून ती विकत घेणं, जवळ बाळगणं आणि ओढणं हेही गुन्हे झाले. कमाल दंड दोन हजार सिंगापूर डॉलर.

तरीही पोरं ऐकेनात. मग आली नवी भानगड, एटोमिडेट. हे खरं तर हॉस्पिटलमध्ये भूल देताना वापरायचं इंजेक्शन. पण चोरट्या बाजारातल्या पॉड्समध्ये ते मिसळलं जाऊ लागलं. तिथे त्यांना 'केपॉड्स' म्हणतात. जप्त केलेली शंभरावर व्हेप्स तपासली तर त्यातल्या साधारण एक तृतीयांशमध्ये हे औषध निघालं, असं आरोग्यमंत्री ओंग ये कुंग यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं. मालाच्या अंगाखाली दुसराच माल! ओढणाऱ्याला आपण नक्की काय ओढतोय, हेच ठाऊक नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान लॉरेन्स वोंग यांनी नॅशनल डेच्या भाषणात जाहीर केलं, की यापुढे व्हेपिंगकडे ड्रग्जचा प्रश्न म्हणून बघितलं जाईल. आणि बोलल्याप्रमाणे १ सप्टेंबर २०२५ पासून नवे नियम लागू झाले. साधं निकोटिनचं व्हेप घेऊन पहिल्यांदा सापडलात तर प्रौढांना ७०० डॉलर दंड, १८ वर्षांखालच्यांना ५००. पुन्हा सापडलात तर सक्तीचं समुपदेशन, त्यापुढे खटला. एटोमिडेट थेट 'क' वर्गातल्या अंमली पदार्थांत गेलं. ते आयात करणाऱ्याला २० वर्षांपर्यंत कैद आणि १५ पर्यंत फटके. हो, वेताचे खरेखुरे फटके.

७०० डॉलर म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने आपले ४५ ते ५० हजार रुपये. एका वीकएण्डचं हॉटेल आणि शॉपिंग गेलं म्हणायचं. पकडायलाही फक्त पोलीस नाहीत. पर्यावरण खात्याचे लोक, अगदी बागांची देखभाल करणाऱ्या नॅशनल पार्क्स बोर्डाचे अधिकारीही पकडू शकतात.

दंड भरला, पण पास?

टुरिस्टचं नुकसान एका ट्रिपचं. तिथे राहून नोकरी करणाऱ्याचं मात्र अख्ख्या करिअरचं.

सिंगापूरमध्ये नोकरी करणारा परदेशी माणूस एम्प्लॉयमेंट पास, एस पास, वर्क परमिट अशा कुठल्या तरी कागदावर उभा असतो. पुण्या-मुंबईचे कितीतरी आयटीवाले, बँकवाले असे तिथे आहेत. तिथलं महाराष्ट्र मंडळ उगाच गणपतीत फुलत नाही! सप्टेंबर २०२५ च्या नियमांनी या सगळ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. वारंवार सापडलात तर दंडावर भागणार नाही. पास रद्द, देशातून रवानगी आणि परत यायला बंदी. एटोमिडेटच्या प्रकरणात तर ही वेळ आणखी लवकर येते. अधूनमधून येणाऱ्या टुरिस्टवरही पुढच्या प्रवेशबंदीची टांगती तलवार आहेच.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. भाड्याचं घर, त्याचं डिपॉझिट. बायकोचा डिपेण्डण्ट पास तुमच्या पासला जोडलेला. मुलीची शाळा. इकडे पुण्यात फ्लॅटचा ईएमआय चालू. आणि हे सगळं कशावर टांगलेलं? आंब्याच्या फ्लेवरच्या एका प्लॅस्टिकच्या नळीवर!

तिथल्या नागरिकाला तोच गुन्हा केल्यावर दंड होतो, समुपदेशन होतं, कोर्ट होतं. पण त्याला कुणी घराबाहेर काढत नाही. परदेशी माणसाची शिक्षा कायद्याच्या कलमात संपत नाही. ती त्याच्या व्हिसाच्या शिक्क्यापर्यंत जाते. हा फरक ऑफर लेटरमध्ये लिहिलेला नसतो. पगार, बोनस, रिलोकेशन अलाउन्स सगळं आपण तीन-तीनदा वाचतो, हे मात्र कुणी विचारतच नाही.

एक गोष्ट मात्र मानायला हवी. सिंगापूरने दंडुक्याबरोबर दारही उघडं ठेवलं. स्वतःहून 'मला सोडायचंय' म्हणत मदत मागायला आलेल्यावर कारवाई करणार नाही, असं सरकारने जाहीर केलं. आणि च्युइंगगमच्या किश्शाचा पुढचा भाग तर मस्तच आहे. २००४ मध्ये अमेरिकेबरोबरच्या व्यापार करारानंतर औषधी च्युइंगगमला परवानगी मिळाली, त्यात निकोटिन गमही आलं. म्हणजे ज्या देशात साधं च्युइंगगम मिळत नाही, तिथे सिगारेट सोडवणारं च्युइंगगम फार्मसीत मिळतं!

लंडनमध्ये मदत, इथे मुद्देमाल

गोंधळ होतो तो सगळ्या जगाचा एक नियम नसल्यामुळे. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटन सरकारने इंग्लंडमधल्या दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेपचं स्टार्टर किट फुकट देण्याची योजना जाहीर केली. उद्देश काय, तर सिगारेट सुटावी. जून २०२५ मध्ये त्याच ब्रिटनने वापरून फेकायच्या व्हेप्सवर बंदी घातली, पण रिफिल होणारी चालू ठेवली. त्यांचा हिशेब असा, की सिगारेटच्या धुरापेक्षा हे कमी वाईट.

तर सिंगापूर, थायलंडचा हिशेब असा, की आमच्याकडे सिगारेट कमी होत असताना हे नवं व्यसन शाळेच्या दप्तरात कशाला? दोन्ही बाजूंकडे डॉक्टर आहेत, दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. टीकाकारही आहेत. सिगारेट खुलेआम विकायची आणि व्हेपवर बंदी, हे कुठलं लॉजिक, असं ते विचारतात. थायलंडमध्ये तर सिगारेट बनवणारी मोठी संस्थाच सरकारी आहे, याकडेही बोट दाखवतात.

पण या वादात एक माणूस भरडला जातो. दहा वर्षं रोज पाकीटभर सिगारेट ओढून, मोठ्या मुश्किलीने व्हेपवर आलेला. लंडनमध्ये तो सुधारलेला पेशंट असतो. तोच कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला उतरला की गुन्हेगार होतो. मग तो काय करतो? पहिल्याच रात्री कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन सिगारेटचं पाकीट घेतो. ती कायदेशीर आहे ना! ज्याला तंबाखूपासून लांब न्यायचं, त्यालाच कायदा तंबाखूकडे ढकलतो. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं. आणि त्या माणसानेही निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून गम किंवा पॅचची सोय करायला हवी.

यादी वाढतेच आहे. हाँगकाँगने एप्रिल २०२२ मध्ये आयात आणि विक्री बंद केली. हनिमूनवाल्यांच्या लाडक्या मालदीवने नोव्हेंबर २०२४ मध्ये आयातीवर बंदी आणली, टुरिस्टसकट, आणि डिसेंबरमध्ये वापरावरही. व्हिएतनाममध्ये २०२५ च्या पहिल्या दिवसापासून बंदी आहे. म्हणजे आपल्याकडून तीन ते सहा तासांत पोचता येणारी बहुतेक फेव्हरिट डेस्टिनेशन्स यात आली!

आणि आपल्याकडे काय?

सगळ्यात मोठा विनोद इथेच आहे. बँकॉकला व्हेप न्यावं का, असं विचारणारा माणूस हे विसरतो, की ते भारतातही बंद आहे!

१८ सप्टेंबर २०१९ रोजी निर्मला सीतारामन यांनी बंदीचा निर्णय जाहीर केला. आधी वटहुकूम, मग डिसेंबर २०१९ मध्ये कायदा. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात... सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड. 'ओढणे' हा शब्द कायद्यात वेगळा गुन्हा म्हणून नाही. पण आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये खुलासा केला, की कुठल्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणं हेही कायद्याचं उल्लंघनच.

आता लंडनच्या ऑफिसमधला तुमचा क्लाएण्ट हिंजवडीत आठवड्याभरासाठी येतोय. त्याच्या देशात हे दुकानात मिळतं. गोव्याला वीकएण्ड काढायचाही त्याचा बेत आहे. त्याला हॉटेल, कॅब, पाण्याची बाटली सगळं सांगणारे आपण, 'व्हेप घरी ठेव' हे सांगतो का? बँकॉकच्या नाक्यावर आपली जी गत, तीच इथे त्याची. त्यालाही भाषा येत नाही, त्यालाही आकडा माहीत नाही, त्यालाही परतीचं विमान पकडायचंय. 'गोव्यात सगळं चालतं' हे त्यालाही कुणीतरी ग्रुपवर सांगितलेलं असतंच!

बॅग भरण्याआधी...

• विमानाचा नियम आणि देशाचा नियम वेगळा. बॅटरीमुळे व्हेप चेक-इन बॅगेत चालत नाही, हॅण्डबॅगेत ठेवा असं एअरलाइन सांगते. म्हणजे उतरल्यावर चालेल असं नाही.

• नुसतं मशीनच नाही, तर पॉड, रिफिल, लिक्विड हेही बंदीत येतं. जुन्या बॅगेचे कप्पे एकदा झटकून बघा.

• सिंगापूरला चुकून बरोबर आलंच, तर लपवू नका. रेड चॅनलला जाऊन स्वतःहून सांगा. आणि हो, तंबाखूची पुडी, गुटखा यांनाही तिथे बंदी आहे. सिगारेटलाही ड्यूटी-फ्री सवलत नाही. एक पाकीट असलं तरी डिक्लेअर करा.

• थायलंडमध्ये कुणी पैसे मागितले तर वाद घालू नका, पण रस्त्यावर नोटाही काढू नका. पोलीस स्टेशनला जाऊ म्हणा, पावती मागा. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५.

• कुणी 'जरा धर रे' म्हणून स्वतःचं व्हेप हातात दिलं तर धरू नका. दोस्ती आपल्या जागी.

• नियम भराभर बदलतात. तिकीट काढताना त्या देशाची सरकारी माहिती एकदा वाचा. मित्राची आठवण हा पुरावा नव्हे.

तर त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत जाऊ. 'व्हेप चालेल ना तिकडे?' या मेसेजला अजून चौथं उत्तर आलेलं नाही. ते तुम्हीच टाका. 'नाही रे. आणि इकडेही चालत नाही. ड्रॉवरमध्ये असेल तर तिथूनही काढ.'

थोडी शिव्यांची इमोजी येतील. येऊ देत. सोमवारी सकाळी पाचही जण वेळेवर ऑफिसात असतील, पाचही पासपोर्ट जागेवर असतील. ट्रिपचे फोटो लंच टाइमला बघूच की!